डाव्या पायाला स्टूल

माझा डावा पाय सुजला, ही खरं म्हणजे माझी आणि त्या पायाची खासगी बाब होती. पण बाब खासगी राहायची तर माणसाला बायको नसावी लागते, शेजारी नसावे लागतात आणि नोकरी तर मुळीच नसावी लागते. माझ्याकडे तिन्ही आहेत.

एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी मोजे काढत होतो. उजव्या पायावर इलॅस्टिकची पुसटशी रेघ उमटली होती आणि डाव्यावर चांगला खोल चर.

"अहो, हे काय?" बायको म्हणाली.

"मोजा घट्ट आहे."

"दोन्ही एकाच जोडीतले आहेत."

बायकोशी वाद घालताना पुरावा नेमका तिच्याच बाजूला कसा जाऊन बसतो, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. तिने घोट्याशी अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तिथेच राहिला. आम्ही दोघं त्या खळग्याकडे बघत बसलो. रस्त्यावरचे खड्डे ज्या वेगाने बुजवले जातात, त्याच वेगाने तो बुजत होता.

"डॉक्टरकडे जा."

"सूज आहे, उतरेल."

आणि ती खरंच सकाळी उतरली. हाच त्या सुजेचा पाजीपणा. सकाळी पाय असा निष्पाप दिसायचा, की त्याच्याबद्दल काही सांगितलं तर ते खोटंच वाटावं. दुपारचा चहा येईपर्यंत तो मळून ठेवलेल्या पिठासारखा फुगलेला असायचा. बूट चढेना, म्हणून मी चपला घालून ऑफिसला जाऊ लागलो आणि तिथेच चुकलो. बूट घातलेल्या माणसाची चौकशी कोणी करत नाही. चपलेतला पाय म्हणजे दुकानाच्या काचेत मांडलेला माल, येईल त्याने थांबून बघावा.

पहिले थांबले ते समोरच्या घरातले मास्तर. मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर ते वैद्यकाकडे वळले. या विषयात एक सोय आहे, विद्यार्थी पळून जाऊ शकत नाहीत. जिन्यात त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि नकाशावर राजधानी दाखवावी तसं बोट रोखून म्हणाले, "मूत्रपिंड."

"नाही हो मास्तर, हृदय," खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दारातूनच दुरुस्ती केली. "आमच्या दिरांचं असंच सुरू झालं होतं."

"आता कसे आहेत ते?" मी विचारलं.

काकूंनी मोठा उसासा टाकला आणि माझ्या दंडावर हात ठेवला. मी दिवसभर माझ्या आयुष्याचा आढावा घेतला. तो फार लवकर संपला. काकूंचे दीर ठणठणीत आहेत आणि फक्त दुसऱ्या गावी राहायला गेले आहेत, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरकडे जायची माझी तयारी नव्हती, कारण डॉक्टर काहीतरी सांगतात. म्हणून बायकोने मधला मार्ग काढला. तिच्या बहिणीच्या मुलीने नुकतंच ब्यूटी पार्लर काढलं होतं. भिंतीवर तिने स्वतःची इतकी प्रमाणपत्रं टांगली होती की आरशाला जागा उरली नव्हती. उरलेल्या जागेत 'आधी' आणि 'नंतर' असे चेहऱ्यांचे फोटो होते. आधीची बाई सुजलेली, उदास आणि अंधारात उभी. नंतरची बाई हसरी, लिपस्टिक लावलेली आणि प्रकाशात. माझ्या मते फरक दिव्याचा होता.

"काका, तुमचं लिम्फ तुंबलंय," भाचीने एका नजरेत सांगितलं. "शरीरातली सगळी विषारी द्रव्यं तिथेच अडकलीत. म्हणून तुमचा चेहरापण असा दिसतो."

"कसा दिसतो?"

तिने माझ्या कपाळावर सशाचे कान असलेला पट्टा चढवला आणि मला आडवं केलं. "आधी मान, मग चेहरा, मग पाय. वरची वाट मोकळी केल्याशिवाय खालचं पाणी जाणार कुठे?" असं म्हणून ती माझ्या मानेवरून बोटं फिरवू लागली. फिरवू लागली म्हणजे काय, मी फायलीवरची धूळ यापेक्षा जोरात झटकतो. मी तिला म्हणालो, "अगं, जरा जोर लाव. जेवली नाहीस का?" ती म्हणाली, "जोर लावायचाच नसतो काका." काम न करण्याचं इतकं शास्त्रीय कारण माझ्या ऑफिसातसुद्धा अजून कोणाला सुचलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोने मला उजेडात नेऊन निरखलं. "चेहरा जरा बरा दिसतोय," ती म्हणाली. तो 'जरा' मला जितका लागला तितके काकूंचे दीरही लागले नव्हते. पाय मात्र दुसऱ्या दिवशी चहाबरोबर हजर.

शेवटी डॉक्टर. या डॉक्टरीणबाई म्हणजे माणसाशी बोलणं हा वेळेचा अपव्यय समजणाऱ्यांपैकी. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा आलेख काढला आणि म्हणाल्या, "हृदय ठीक. मूत्रपिंड ठीक." मास्तर आणि काकू दोघेही खोटे ठरल्याचा आनंद मला पुरता घेऊही न देता त्यांनी माझ्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाची कातडी चिमटीत धरून उचलली. उचलली गेली. मग डावा पाय. चिमटी नुसतीच घसरली.

"हे बघा. इथली कातडी उचलली जात नाही. लसिकेचा निचरा नीट होत नाहीये."

"म्हणजे लिम्फ तुंबलंय?"

"कोणी सांगितलं?"

मी भाचीचं नाव, पट्टा, कान, सगळं सांगितलं. कान सांगायला नको होते.

"हात हलका ठेवते ते बरोबर," त्या म्हणाल्या. "त्या वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात, रगडलं तर दबतात. मान आधी हेही बरोबर. विषारी द्रव्यं वगैरे मात्र भंकस. आता ऐका. रक्तातलं पाणी सतत थोडं थोडं बाहेर झिरपत असतं. ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणाऱ्या बारीक वाहिन्या सगळ्या अंगभर आहेत. त्यांना हृदयासारखा पंप नाही. थोडं त्या स्वतः ढकलतात, बाकी तुम्ही चाललात, पोटरी आवळली गेली, की पाणी वर सरकतं. तुम्ही काय करता?"

"मी विभागप्रमुख आहे."

"म्हणजे बसून असता." त्यांनी लिहून घेतलं. "डाव्या पायातल्या वाहिन्या मुळातच कमजोर असणार, आता वयोमानाने ते उघड झालं. कातडीखाली एक जाळी असते, संयोजी ऊती म्हणतात. सगळं जागच्या जागी धरून ठेवते. पाणी साचून राहिलं की ती जाळी जाड होते, टणक होते. आज बोट दाबलं की खळगा पडतो. दुर्लक्ष केलंत तर पुढे पडणार नाही."

"म्हणजे सुधारणाच की!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी रोज नागरिकांसाठी वापरतो. "तेव्हा पाय खांबासारखा झालेला असेल," त्या म्हणाल्या. "आणि मग तो पूर्वीसारखा होत नाही."

मी गोळी मागितली. गोळी नव्हती. इंजेक्शन नव्हतं. होता तो एक घट्ट, मापाने घेतलेला मोजा, रोजचं चालणं, पायाच्या कातडीची काळजी, आणि बसल्यावर पाय खुर्चीइतका उंच ठेवणं. 'एवढंच?' असं मला वाटलं. माणसाला आपल्या संकटाची उंची कधीच आधी कळत नाही.

आधी तो मोजा. त्याचा रंग कातडीचा होता, पण ती कातडी या पृथ्वीवर कोणाची आहे ते कंपनीलाच ठाऊक. माझी पोटरी आणि त्याचं तोंड यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं दिसत नव्हतं. सकाळी सूज चढायच्या आत, मी पलंगावर आडवा, पाय वर, आणि बायको भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून माझ्या पायाशी झुंजतेय, असं दृश्य आमच्या घरी रोज सुरू झालं. "अहो, पाय सैल सोडा!" "सोडलाय!" "मग हे काय ताठ?" "तो माझा स्वभाव आहे!" एके सकाळी मोजा टाचेवरून एकदम सुटला आणि बायको मागे जाऊन कपाटावर आदळली. आवाज ऐकून मास्तर धावत आले. माझा एक पाय छताकडे, बायको हातमोजे घालून जमिनीवर. मास्तर काही न विचारता परत गेले, आणि त्या दिवसापासून ते बायकोशी फार आदराने वागू लागले.

आता ऑफिस. मी फलक परवाना विभागात आहे. दुकानांवर पाट्या लावायला परवानगी देणं हे आमचं काम, आणि खरं सांगायचं तर न देणं. अर्जात त्रुटी काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. तेव्हा पाय वर ठेवण्यासारखी किरकोळ गोष्ट माझ्याच ऑफिसात अडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी कचऱ्याची टोपली रिकामी करून टेबलापुढच्या मोकळ्या बाजूला पालथी घातली, तिच्यावर पाय ठेवला आणि कामाला लागलो.

आमच्या मॅडम सहसा स्वतःच्या खोलीबाहेर येत नसत. सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या नंतर जात, आणि मधल्या वेळात खुर्चीतून उठतही नसत. कोणी निवृत्त झाला तरी निरोपाच्या फोटोत त्या बसलेल्याच. ऑफिसात याला दरारा म्हणत. त्या दिवशी त्यांच्या खोलीतला फोन मेला आणि त्या बाहेर आल्या. मागून अर्थातच होयबा.

होयबा हा आमच्या विभागातला माझ्या खालचा माणूस. मॅडमना शिंक आली तर हा रुमाल काढतो आणि स्वतःचं नाक पुसतो. तो मान डोलावतो म्हणण्यापेक्षा, त्याची मान मधूनमधून थांबते, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

मॅडम माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. माझा तळवा आणि त्यांचं तोंड एका रेषेत आलं.

"हे काय आहे?"

"पाय, मॅडम."

"कोणाचा?"

"माझा."

"मग तो माझ्याकडे का बघतोय?"

"बघतोच आहे मॅडम," होयबा म्हणाला. "मघापासून."

मी डॉक्टर, लसिका, जाळी, सगळं सांगू लागलो. मॅडमनी हात वर केला. "जे असेल ते लेखी द्या," म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेत परत गेल्या. मी टोपली सरळ केली. होयबाने तिच्यात एक कागद टाकून ती पूर्ववत वापरात आणली.

मी अर्ज लिहिला. विषय: डावा पाय उंचावर ठेवण्यास परवानगी व त्यासाठी एक स्टूल मिळणेबाबत. माझ्या हातून इतका निर्दोष अर्ज पूर्वी उतरला नव्हता. तो घेऊन मी सामान विभागात गेलो. तिथला स्टोअरवाला म्हणजे तुटक्या खुर्च्यांच्या डोंगरात बसलेला असा एक माणूस, की यातली एक जरी कोणाला दिली तर सगळं अंगावर कोसळेल, अशी त्याची श्रद्धा.

"स्टूल तुम्हाला मिळत नाही," त्याने न वाचताच सांगितलं. "स्टूल शिपायांना. तुम्हाला खुर्ची आहे. एका माणसाला एकच आसन."

"मला बसायला नको, पायाला हवंय."

"पाय कर्मचारी आहे?"

"बरं, मग समोर ठेवायची खुर्ची द्या. साहेबांकडे असते ना, भेटायला येणाऱ्यांसाठी."

"ती तुमच्या वरच्या श्रेणीपासून. तुमच्याकडे येणाऱ्याने उभं राहायचं असतं." मग त्याला जरा दया आली असावी. "आजाराचं कारण असेल तर वैद्यकीय मंडळाकडून लिहून आणा. मग नियम वेगळा."

"कुठला नियम?"

"तो बघायला लागेल. अजून कोणी आणलेलं नाही."

वैद्यकीय मंडळ सकाळी बसतं. तिघांचं मंडळ: एक दातांचे डॉक्टर, एक डोळ्यांचे, आणि तिसऱ्या खुर्चीवर टॉवेल. मी टेबलावर दोन्ही पाय ठेवले. सकाळची वेळ, मोजा नुकताच काढलेला. डावा पाय असा सडपातळ, गोजिरवाणा दिसत होता की मलाच त्याचा संताप आला.

डोळ्यांचे डॉक्टर वाकून म्हणाले, "मला दोन्ही सारखेच दिसतात."

"सूज दुपारी येते," मी म्हणालो.

"मग दुपारी या."

"दुपारी मंडळ नसतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा पेच त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

"मग काय, मी सूज सकाळी घेऊन येऊ?" मी कुत्सितपणे विचारलं. कुत्सितपणा समजायला समोर किमान एक तरी बुद्धिमान माणूस लागतो. दातांचे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "जमलं तर बघा. आम्हाला सोपं जाईल."

आणि वाचकहो, मी ते जमवलं. अर्जातली त्रुटी दूर करायची, हाच माझ्या रक्तात भिनलेला विचार. मी मोजा घालणं सोडलं, चालणं सोडलं. खारे दाणे खात पाय खाली लोंबकळत ठेवून बसून राहू लागलो. झोपलो तरी पाय पलंगाखाली. बायको म्हणाली, "रजा मिळावी म्हणून खोटी प्रमाणपत्रं आणणारे बघितलेत. प्रमाणपत्रासाठी खरा पाय बिघडवणारा पहिल्यांदाच बघतेय." मी म्हणालो, "तुला कार्यालयीन पद्धत कळत नाही." ती म्हणाली, "देवाची कृपा."

पाय फुगला. चांगला फुगला. चपलेचा पट्टा रुतून एक बारीकसं सोलपटलं, तिकडे मी लक्षही दिलं नाही. मंडळाच्या आदल्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरली. पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, तव्यासारखा तापलेला. बायकोने मला रिक्षात घातलं तेव्हा मला मास्तरांचे दोन पाय चार दिसत होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शांतपणे सलाईन लावत म्हणाल्या, "तुमच्या पायात नुसतं पाणी अडत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्याच वाटेने फिरतात. वाट तुंबलेली, म्हणून एवढ्याशा जखमेतून हे पेटलं. आणि असं पेटलं की आतल्या वाहिन्या आणखी खराब होतात. तुम्हाला पाय सिद्ध करायचा होता ना? झाला."

मला कॉटवर टाकलं, पाय उशांवर. बायको शेजारी बसून होती. ती टोमणे मारत नव्हती, म्हणून मी घाबरलो. तिने एकदा बोटाने माझ्या पोटरीला हळूच स्पर्श केला आणि हात मागे घेतला. कदाचित दुखेल म्हणून, कदाचित खळगा पडतो की नाही ते बघायची हिंमत होईना म्हणून. स्टूल, मंडळ, होयबा या सगळ्यांचा मला त्या क्षणी विसर पडला. हा पाय माझा आहे आणि तो मी एका लाकडी वस्तूपायी पणाला लावला, एवढंच डोक्यात राहिलं. असा शहाणपणा मला ताप असतानाच सुचतो.

ताप उतरला, सूजही बरीच उतरली, आणि शहाणपणाही. घरी विश्रांती घेत असतानाच मी मंडळाला कळवलं की येता येत नाही, पायाचा फोटो चालेल का. उत्तर आलं, चालेल; मात्र पाय अर्जदाराचाच असल्याची खात्री पटावी म्हणून पाय आणि चेहरा एकाच फोटोत स्पष्ट दिसावेत.

माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसाने स्वतःचा पाय स्वतःच्या तोंडाशेजारी न्यायचा म्हणजे काय, हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. बायकोने मोबाइल धरला. मी कॉटवर उताणा, दोन्ही हातांनी पाय धरून तो तोंडाकडे ओढतोय, आणि ती म्हणतेय, "अहो, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय, पायच नॉर्मल वाटतोय." शेवटी एक फोटो आला. त्यात पाय पुढे, मागे मी, आणि माझ्या चेहऱ्यावरचा भाव असा की मंडळाने मला स्टुलाऐवजी सरळ पेन्शनच द्यावी. मंडळाने शेरा मारला: पाय कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने मोठा दिसत असावा. सबब सुजेबाबत मत देता येत नाही. प्रकरण संबंधित वरिष्ठांकडे निर्णयार्थ सादर.

म्हणजे मॅडमकडे. म्हणजे तो फोटोही.

मी कामावर रुजू झालो त्याच दिवशी बोलावणं आलं. मी आत गेलो. माझी फाइल उघडी होती आणि तिच्यातून मी पाय धरून मॅडमकडे बघत होतो.

"अर्जात तुम्ही 'सदर पाय' असं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"कार्यालयीन भाषा आहे, मॅडम."

"दार लावा."

मी दार लावलं. आता काय, बडतर्फीच, असं मी धरून चाललो. मॅडमनी फाइल मिटली. मग खुर्ची जराशी मागे सरकवून त्यांनी आपल्या पायघोळ कपड्याची कड घोट्यापासून वर उचलली. दोन्ही पाय. घोटा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते, ते शोधून सापडलं नसतं. माझा पाय त्यांच्यापुढे उमेदवारी करत होता.

"खूप वर्षं आहे," त्या म्हणाल्या. आवाज तोच, हुकूम सोडायचा. पण त्यात हुकूम नव्हता. "त्या दिवशी तुमचा पाय टोपलीवर बघितला आणि मला राग आला. मी इतकी वर्षं टेबलाखाली लपवते, आणि हा माणूस खुशाल सगळ्यांसमोर मांडून बसलाय!"

माझ्या तोंडी पहिल्यांदा जे आलं ते होतं, 'जे असेल ते लेखी द्या.' मी ते गिळलं. माझ्या कारकिर्दीत मी गिळलेलं हे एकमेव वाक्य.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" मी विचारलं.

"तुमच्याच डॉक्टर. मापही घेतलं त्यांनी, मागच्याच महिन्यात." त्यांनी खालचा खण उघडला आणि एक न वापरलेली जोडी टेबलावर ठेवली. रंग तोच, कोणाच्याच कातडीचा नसलेला. "चढत नाहीत. मला वाकता येत नाही, घरी दुसरं कोणी नाही. कोणाला सांगणार, माझे मोजे चढवून द्या म्हणून?"

आता सांगा, काय करायचं? मी टेबलावरून नोटा आणि कागद मोजताना बोटांत घालायच्या त्या रबरी टोप्या घेतल्या, दोन्ही हातांच्या बोटांत चढवल्या, आणि मॅडमसमोर गुडघे टेकून बसलो. "आधी आत हात घालून टाचेपर्यंत उलटा करायचा," मी म्हणालो. "मग पाऊल. मग थोडा थोडा वर. ओढायचा नाही, सरकवायचा." मॅडमनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि त्या छताकडे बघत होत्या. टाच बसली तेव्हा त्यांच्या तोंडून "हं" असा लहान मुलीसारखा आवाज निघाला.

"हे या खोलीबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही जाणार, मॅडम."

आणि दार उघडलं. होयबा कधीच दार वाजवत नाही. वाजवल्याने आपल्यात आणि सत्तेत अंतर पडतं, असं त्याला वाटतं. दारातून त्याला टेबलापलीकडे दिसली ती छताकडे डोळे लावलेली मॅडमची मुद्रा, आणि टेबलाच्या खालच्या फटीतून गुडघ्यांवर बसलेला मी, मॅडमचे पाय दोन्ही हातांत. मोजा अर्थातच दिसण्यासारखा नव्हता. तेवढ्या अंतरावरून त्याचा रंग पहिल्यांदाच कातडीचा वाटला असणार.

होयबाने दार जसं उघडलं तसंच लावून घेतलं. त्याची मान पहिल्यांदाच डोलायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी स्टूल आलं. मंजुरी मॅडमच्या सहीने. शिपायाने ते माझ्या पायाशी ठेवलं आणि म्हणाला, "घ्या. आम्हाला काही न करता मिळतं." स्टोअरवाला जिन्यात भेटला, तर दुखावल्यासारखा म्हणाला, "वरून सोय होती तर आधी सांगायचं ना! उगाच माझ्या नियमांना दमवलंत." जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कोणी बसेना. ज्या ऑफिसात मी ताठ मानेने, सगळ्यांना तुच्छ लेखत इतकी वर्षं काढली, त्या ऑफिसात आता मी पाय धरणारा म्हणून प्रसिद्ध झालो; आणि अडचण अशी की मी ते खरोखरच धरले होते. खुलासा करायचा तर मॅडमचा पाय उघडा करावा लागला असता. मी खुलासा केला नाही. यात मोठेपणा किती आणि दुसरं काही सुचलं नाही हे किती, ते मी मोजलेलं नाही. आज मॅडम निवृत्त आहेत, आणि हे सगळं सांगायला त्यांनीच मोकळीक दिली आहे. तोंडी दिली, अर्ज मागितला नाही.

घरी ही बातमी काकूंमार्फत पोचली. बायको सगळं ऐकून घेऊन मला एवढंच म्हणाली, "माझ्या पायाला कधी हात लावलात का?" तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्याही पायाला तेल लावतो. तिचे सुजत नाहीत, पण ते कारण ती ऐकून घेत नाही.

मॅडम दुपारी ऑफिसच्या लांब गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागल्या. दरारा कमी झाला, असं लोक म्हणाले. माझी सूज आटोक्यात आली. स्टुलावर पाय ठेवून मी नागरिकांचे अर्ज परत पाठवत असतो.

तर एके दिवशी चहाच्या वेळी होयबा माझ्याजवळ आला. इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची नव्हती म्हणून स्टुलाशेजारी उकिडवा बसला. इतकी वर्षं तो माझ्याकडे कनिष्ठासारखा यायचा. त्या दिवशी शिष्यासारखा आला.

"साहेब, एक विचारू? रागावू नका." त्याने आवाज आणखी खाली आणला. "मी गेली कित्येक वर्षं नुसती मान डोलावतोय. माझं काही झालं नाही. तुमचं एका दिवसात झालं. मला नीट सांगा. आधी कुठला धरायचा? डावा की उजवा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ज्ञानाची इतकी खरी तहान मी कधी पाहिली नव्हती, आणि मला खोटं बोलवेना.

"आधी ज्याला जास्त सूज आहे तो," मी म्हणालो.

होयबाने डोळे मिटले आणि ते मनात दोनदा म्हणून घेतलं.